दोन सह्यांची पेशी



आधी एक विनंती. उजवा हात डाव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली फिरवा. बहुतेकांच्या बोटांना तिथे एक लहानसा खोलगट वण लागेल. बीसीजीच्या लशीचा. ज्यांना लागला नाही त्यांनी काळजी करू नये, वण न उठताही लस लागू पडलेली असू शकते. आज ज्या पेशीबद्दल बोलायचं आहे, तिनं तुम्हाला कळायला लागण्याच्या आधी केलेल्या कामाची ही खूण आहे. त्या पेशीला म्हणतात टी पेशी.

मुकुंदराज आणि दासोपंतांच्या या अंबाजोगाईत व्याख्यानाला साहित्य शोभतं, इतिहास शोभतो. तरी यंदा संयोजकांनी सूक्ष्मजीवशास्त्राच्या मास्तराला बोलावलं. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर विज्ञान शिकवायचे, आणि फळ्यावर आकृती काढल्याशिवाय धडा पुढे न्यायचे नाहीत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांनी मला सांगितलं. इथे फळा नाही. आकृती तोंडानंच काढावी लागणार.

करोनाच्या दिवसांत आपण सगळ्यांनी एक वाक्य पाठ केलं. प्रतिकारशक्ती वाढवा. काढे झाले, गोळ्या झाल्या, वाफारे झाले. मी विचारतो, वाढवून किती वाढवायची? आमवातानं बोटं वाकडी झालेली एखादी बाई तुमच्या गल्लीत असेल. तिची प्रतिकारशक्ती कमी आहे का? आठ वर्षांच्या पोराला रोज इन्सुलिन टोचावं लागतं. त्याची कमी आहे का? दोघांचीही भरपूर आहे, पण भलत्या ठिकाणी लागली आहे. बाईच्या सांध्यांना, पोराच्या स्वादुपिंडाला. मग हा प्रश्न शक्तीचा उरतो का? कोणावर उठायचं, केव्हा उठायचं आणि कुठे थांबायचं, हा निवाड्याचा प्रश्न आहे. टी पेशीचा सगळा पसारा त्या निवाड्यासाठी आहे, आणि तिच्या अंगावरचे रिसेप्टर ही तो निवाडा करायची साधनं आहेत. मला आज सांगायचं आहे ते एवढंच, पण त्याला तासभर लागेल.

दंडावरून जरा खाली या, कोपराखाली. क्षयाची शंका आली की तिथे एक तपासणी करतात. मांटू टेस्ट. क्षयाच्या जंतूपासून काढलेली प्रथिनं, ०.१ मिलिलिटर, बारीक सुईनं कातडीच्या आतच सोडायची. लिंबाच्या सालीसारखा फुगवटा येतो आणि थोड्या वेळात जिरतो. मग रुग्णाला सांगायचं, परवा या. अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांनी हात बघायचा. नवशिके विद्यार्थी इथे हमखास फसतात. ते लाली मोजतात. लाली मोजायची नसते, मोजायचा असतो घट्टपणा. जुन्या सिस्टर बॉलपेन घेऊन बाहेरून आत हलकी रेघ ओढत आणतात. घट्ट भाग लागला की पेन अडतं. तिथे थांबायचं. दुसऱ्या बाजूनंही तसंच. मधलं अंतर मिलिमीटरमध्ये. दहा किंवा जास्त आलं तर टेस्ट पॉझिटिव्ह. एचआयव्ही असलेल्या माणसात पाचच पुरतात. का, ते पुढे सांगतो.

हा घट्टपणा कशाचा? टी पेशींचा. क्षयाच्या जंतूशी आधी ओळख झालेल्या टी पेशी रक्तातून वाट काढत तिथे जमतात आणि इतर पेशींना बोलावून घेतात. दोन दिवस लागतात ते या जमवाजमवीला. १९४० च्या दशकात लँडस्टायनर आणि चेस या संशोधकांनी गिनीपिगांवर एक साधा प्रयोग केला. अशी ओळख झालेल्या प्राण्याचं रक्तद्रव दुसऱ्याला दिलं, तर दुसऱ्याच्या कातडीवर काही उठलं नाही. पेशी दिल्या, तेव्हा उठलं. म्हणजे ही आठवण रक्तातल्या पाण्यात विरघळलेली नव्हती, जिवंत पेशी ती घेऊन हिंडत होत्या.

मग प्रश्न येतो, पेशी ओळखते कशानं? तिला डोळे नाहीत. तिच्या बाहेरच्या पापुद्र्यावर हजारो रिसेप्टर असतात. एका पेशीवरचे सगळे एकाच घडणीचे, शेजारच्या पेशीवरचे वेगळ्याच. माणसाच्या अंगात जनुकं वीस हजारांच्या आसपास, आणि या रिसेप्टरांचे प्रकार कोट्यवधी. हे गणित बसतं कसं? पेशी स्वतःच्या जनुकाचे तुकडे कापते आणि नव्या क्रमानं जोडते. जोडताना सांध्यावर दोन-चार अक्षरं वाढवते, गाळते. काय निघेल ते तिलाही माहीत नसतं. १९८४ साली कॅनडातले टॅक माक आणि अमेरिकेतले मार्क डेव्हिस यांनी हे जनुक हाती लावलं, आणि तोवर निव्वळ तर्कावर चाललेली गोष्ट प्रयोगशाळेच्या टेबलावर आली.

पण आंधळेपणानं केलेले रिसेप्टर, म्हणजे त्यातले कित्येक आपल्याच शरीरावर उठणारे निघणार. त्यांचं काय? छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला थायमस नावाची ग्रंथी असते. १९६१ पर्यंत डॉक्टर लोक तिला बिनकामाची समजत. जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ती काढून टाकली आणि ते उंदीर साध्या संसर्गानं मरायला लागले, तेव्हा तिची किंमत कळली. टी पेशीतला ‘टी’ थायमसचा. तिथे प्रत्येक नव्या पेशीची परीक्षा होते. स्वतःच्या शरीराशी अजिबात नातं न जुळणारी नापास, फार घट्ट जुळणारीही नापास. आणि नापास म्हणजे मरण. शेकडा पंचाण्णवहून जास्त पेशी तिथेच संपतात. आपल्या बोर्डाचा निकाल त्यापुढे फारच उदार म्हणायचा.

आता या आकृतीतली सगळ्यात महत्त्वाची रेघ. टी पेशीला जंतू दिसत नाही. नीट ऐका, जंतू समोर उभा असला तरी तिला तो दिसत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी पेशीनं त्या जंतूच्या प्रथिनाचा तुकडा कापून, आपल्या एचएलए नावाच्या रेणूच्या खाचेत बसवून, वर धरून दाखवावा लागतो. आठ-दहा अमिनो आम्लांचा तुकडा, तोही घरच्याच एचएलएमध्ये. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी दाखवलं, की एका उंदराच्या टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशी मारतात खऱ्या, पण त्या पेशी त्याच जातकुळीच्या उंदराच्या असतील तरच. विषाणू तोच, उंदीर परका, तर मारत नाहीत. १९९६ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. किडनी बसवायच्या आधी भाऊ-बहीण, आई-वडील यांची जुळणी तपासतात, ती याच एचएलएची.

बरं, तुकडा दिसला, रिसेप्टर जुळला. मग पेशी उठली का? इथेच खरी मजा आहे. नाही उठत.

तुमच्यात आजी-माजी सरपंच बसलेले मला दिसताहेत. ग्रामपंचायतीच्या खात्यातून पैसे काढायचे तर चेकवर किती सह्या लागतात? दोन. सरपंचाची आणि ग्रामसेवकाची. एकट्याच्या सहीवर बँक पैसे देत नाही. टी पेशीचंही तसंच आहे. पहिली सही तिच्या मुख्य रिसेप्टरची, तुकडा ओळखल्याची. दुसरी सही सीडी२८ नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरची. हा सीडी२८ तुकडा बघत नाही. तुकडा दाखवणाऱ्या पेशीनं धोक्याची खूण वर काढली आहे का, एवढंच तो बघतो. आणि ती पेशी ही खूण एरवी काढत नाही. जंतूचा वास लागला, आसपास नासधूस दिसली, तरच काढते. दोन्ही सह्या पडल्या तर पेशी कामाला लागते. नुसती पहिलीच पडली तर? नुसती थांबत नाही, ती निपचित होते. पुढे दोन्ही सह्या आल्या तरी लवकर उठत नाही. थायमसच्या परीक्षेतून निसटलेल्या आपल्यावरच उठणाऱ्या पेशी शरीर अशाही गप्प करतं.

सह्या पडल्यावर आत काय होतं, ते विद्यार्थ्यांसाठी थोडं सांगतो. बाकीच्यांनी दोन मिनिटं सांभाळून घ्या. तुकडा ओळखणाऱ्या रिसेप्टरला आत शेपटीच नसते, म्हणजे ओळखणारा मुका. त्याला चिकटून सीडी३ नावाची मंडळी असतात, त्यांच्या शेपट्या पेशीच्या आत लोंबतात. रिसेप्टर जुळला की एलसीके नावाचं विकर त्या शेपट्यांवर फॉस्फेट चिकटवतं. त्या फॉस्फेटवर झॅप-७० येऊन बसतं, एलसीके त्यालाही फॉस्फेट लावतं आणि ते कामाला लागतं. झॅप-७० शिवाय जन्माला आलेली मुलं जगात सापडली आहेत. टी पेशी रक्तात असूनही त्यांना पहिल्या वर्षातच एकामागून एक संसर्ग होतात. एक विकर नाही, एवढ्यावरून. पुढे पेशीत कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन जागं होतं, ते एनएफएटी नावाच्या प्रथिनाचा फॉस्फेट काढतं, आणि मोकळं झालेलं ते प्रथिन केंद्रकात जाऊन आयएल-२ चं जनुक चालू करतं. मग पेशी वाढते, दुप्पट होते, पुन्हा दुप्पट. मधल्या प्रत्येक पायरीला थोडा वेळ जातो, आणि तो वेळही कामाचा आहे. चुकीचा तुकडा रिसेप्टरला फार वेळ धरून ठेवू शकत नाही. पायऱ्या पुऱ्या व्हायच्या आत तो सुटतो आणि सगळं पुन्हा शून्यावर येतं. खरा तुकडा काही सेकंद जास्त टिकतो, आणि तेवढ्यानं काम होतं.

ही नावं परीक्षेपुरती पाठ करायची, असं कोणाला वाटत असेल तर नॉर्वेची गोष्ट ऐका. १९६९ च्या सुमारास नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरून एका औषध कंपनीचा माणूस सुट्टीवरून परतताना मूठभर माती घेऊन आला. त्या मातीत एक बुरशी निघाली, बुरशीतून सायक्लोस्पोरिन निघालं. हे औषध काय करतं? कॅल्सिन्युरिन अडवतं. चेकवर दोन्ही सह्या आहेत, पण तो वटतच नाही. १९८० च्या दशकात ते वापरात आलं आणि दुसऱ्याची किडनी अंगात जास्त टिकायला लागली. टॅक्रोलिमस पुढे जपानच्या मातीतून आलं, तेही तिथेच अडवतं. आपल्या जिल्ह्यात किडनी बदललेला जो माणूस सकाळ-संध्याकाळ घड्याळ बघून गोळी घेतो, तो ही एक पायरी दाबून धरत असतो. गोळी चुकवू नका असं डॉक्टर बजावतात ते उगाच नाही.

आता उलट बाजू. सह्या जबरदस्तीनं करून घेतल्या तर?

१३ मार्च २००६. लंडनच्या वायव्येला नॉर्थविक पार्क रुग्णालय. सहा धडधाकट तरुणांना चाचणीसाठी एक नवीन औषध शिरेतून दिलं, दोघांना नुसतं पाणी. औषध होतं एक अँटिबॉडी, आणि तिचं काम सीडी२८ ला पकडून जोरात हलवणं. म्हणजे पहिली सही नसतानाच दुसरी इतक्या जोरात करायची, की पेशी उठलीच पाहिजे. डोस माकडांना चाललेल्या डोसाच्या पाचशेव्या हिश्श्याचा. दीड तासात डोकी ठणकायला लागली, ताप, उलट्या, रक्तदाब खाली. रात्रीपर्यंत सहाही जण अतिदक्षता विभागात, एकेक अवयव बंद पडत चाललेला. सगळे वाचले, पण एकाची पायाची बोटं आणि हाताच्या बोटांची टोकं गेली. माकडांना काही झालं नव्हतं, याचं कारण पुढे कळलं. माणसाच्या अंगात जुन्या आठवणीच्या ज्या टी पेशी हिंडतात त्यांच्यावर सीडी२८ असतो, त्या माकडांच्या तशा पेशींवर तो नसतो. एका रिसेप्टरच्या असण्या-नसण्यानं हा घोटाळा झाला.

‘इम्युनिटी बूस्टर’ लिहिलेली बाटली दिसली की मला हे सहा तरुण आठवतात. त्या बाटलीतला काढा टी पेशीला उठवत नाही, हे आपलं नशीब. खरोखर उठवणारं औषध कसं असतं ते लंडनमध्ये दिसलं.

आणि सह्या करणाराच नाहीसा झाला तर? त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. बीडजवळ पालीला दत्ता आणि संध्या बारगजे हे दांपत्य ‘इन्फंट इंडिया’ चालवतं. एचआयव्हीसह जन्मलेली, घरच्यांनी टाकलेली मुलं तिथे वाढली. तुमच्यातले अनेक जण तिथे जाऊन आले असतील. त्या मुलांच्या अंगात काय बिघडलं होतं? टी पेशींच्या एका मोठ्या गटावर सीडी४ नावाचा रिसेप्टर असतो. पहिली सही पक्की करायला त्याची मदत लागते. एचआयव्हीच्या विषाणूला नेमका हाच रिसेप्टर धरता येतो. तो धरून, शेजारच्या सीसीआर५ चा आधार घेऊन तो आत शिरतो. यातला सीडी४ चा भाग १९८४ साली कळला, आणि मग ‘सीडी४ काउंट’ हा शब्द खेड्यापाड्यात पोचला. शाळेची पायरी न चढलेली आई स्वतःच्या मुलाचा काउंट तोंडपाठ सांगते, हे मी ऐकलं आहे. एरवी पाचशेच्या वर असणारा हा आकडा दोनशेच्या खाली गेला की एरवी निरुपद्रवी असलेले जंतूही माणसाला धरतात. मघाशी म्हटलं, एचआयव्हीत मांटूला पाच मिलिमीटर पुरतात. आता कारण लक्षात आलं असेल. घट्टपणा करायला माणसंच शिल्लक नाहीत. कधी कधी तर क्षय भरात असताना हात सपाट राहतो.

भारतात हा विषाणू १९८६ साली पहिल्यांदा सापडला तो चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं औषधं फुकट द्यायला सुरुवात केली, मोठ्या शहरांत आधी, मग जिल्ह्यांत. ऊसतोडीला सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जाणाऱ्या माणसानं रोजची गोळी कशी सांभाळायची, हा प्रश्न मात्र कुठल्याच रिसेप्टरच्या पुस्तकात नाही. तो आपला आहे. कोप सोडायच्या गडबडीत औषधाची पिशवी मागे राहते, मुकादम परत पाठवत नाही. पण जिथे गोळी नीट चालली तिथे काउंट चढतो, हे खरं. ज्या मुलांना पाचवं वर्ष दिसेल की नाही अशी शंका होती, त्यांची लग्नं झाली.

थांबवण्याबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यावर वेगळं व्याख्यान होईल. टी पेशी उठवायला दोन सह्या लागतात, तशी तिला थांबवायलाही रिसेप्टर असतात. सीटीएलए-४ आणि पीडी-१ ही त्यांतली दोन मोठी नावं. अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांना त्यासाठी २०१८ चं नोबेल मिळालं. शिवाय थांबवण्याचंच काम करणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात. त्यांच्या शोधासाठी २०२५ चं नोबेल मेरी ब्रंकाऊ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. सात वर्षांत दोन नोबेल, आणि दोन्ही प्रतिकारशक्तीच्या लगामाबद्दल!

आता मुंबईला जाऊ, पण तिथली वाट इस्रायल आणि अमेरिकेवरून जाते.

१९८९ साली इस्रायलमध्ये झेलिग एशहार यांनी एक धाडसी विचार केला. टी पेशीला तुकडा दिसायला घरचा एचएलए लागतो, आणि कॅन्सरची पेशी तर तो बऱ्याचदा लपवून ठेवते. मग टी पेशीला नवाच रिसेप्टर दिला तर? बाहेरचं टोक अँटिबॉडीचं, ते कॅन्सरची पेशी थेट धरेल. आतली शेपटी सीडी३ मंडळीतली, ती पहिली सही करेल. कागदावर सुंदर. अंगात सोडल्यावर मात्र या पेशी थोडे दिवस लढत आणि विरून जात. का? तुम्हीच सांगा. दुसरी सही नव्हती. मग त्याच रिसेप्टरच्या शेपटीत दुसऱ्या सहीचा तुकडा जोडला, कोणी सीडी२८ चा, कोणी ४-१बीबी नावाच्या दुसऱ्या एका रिसेप्टरचा. आता एका टोकानं कॅन्सर धरला की दोन्ही सह्या एकदम. याला म्हणतात कार-टी.

दोन्ही सह्या आधीच करून ठेवलेला चेक किती धोक्याचा असतो, हे बीड जिल्ह्याला मी सांगायला नको. २०१२ साली फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला या पेशी दिल्या. तिचा रक्ताचा कॅन्सर सगळ्या औषधांना पुरून उरला होता. पेशी उठल्या, त्या इतक्या की तिला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. रक्तात आयएल-६ नावाचा रेणू बेसुमार वाढलेला दिसला. तो अडवणारं एक औषध होतं, पण ते आमवाताचं. त्या संशोधनाचे प्रमुख कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणचा संधिवात होता, म्हणून ते औषध त्यांना माहीत होतं. ते दिलं, ताप उतरला, पोरगी उठून बसली. कॅन्सर गेला. व्याख्यानाच्या सुरुवातीला आमवाताच्या बाईंचं उदाहरण दिलं ते उगाच नव्हतं. सांधे खाणारी आग आणि कॅन्सर खाणारी आग एकच, फक्त लागली कुठे ते वेगळं.

अमेरिकेत २०१७ साली या उपचाराला मान्यता मिळाली, किंमत पावणेपाच लाख डॉलर. इकडे पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार, अलका द्विवेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःचा रिसेप्टर घडवला. बाहेरचं टोक मूळचं उंदराच्या अँटिबॉडीचं असतं. आपल्या शरीराला ते परकं वाटू नये म्हणून त्यांनी ते माणसाच्या वळणाचं करून घेतलं. शेपटीत ४-१बीबी. पकडायचं सीडी१९ ला, जो बी पेशींच्या रक्तकर्करोगात सापडतो. टाटा मेमोरियलच्या गौरव नरुला आणि हसमुख जैन यांनी रुग्ण सांभाळले. जून २०२१ मध्ये खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत लोकार्पण केलं. नाव नेक्सकार१९. चाचणीत ६४ रुग्ण होते. ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांतल्या ७३ टक्के लोकांत कॅन्सर हटला किंवा आक्रसला. बाकी सगळी औषधं हरलेले रुग्ण होते हे, विसरू नका.

आणि किंमत? बाजारात आलं तेव्हा चाळीस लाखांच्या आसपास. अमेरिकेच्या मानानं दहावा हिस्सा. टाळ्या वाजवाव्यात अशीच गोष्ट आहे, मीही वाजवल्या. पण ऊसतोडीच्या कोयत्याची उचल किती मिळते, ते तुम्ही मला सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांचं संरक्षण आहे. पाच आणि चाळीस. रुग्णाचं रक्त काढून त्यातल्या टी पेशी वेगळ्या करायच्या, निष्क्रिय केलेल्या विषाणूच्या हातून नवं जनुक आत घालायचं, दहा-बारा दिवस वाढवायच्या, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून परत आणायच्या, आणि तेही प्रत्येक माणसासाठी वेगळं. हे स्वस्त करायला काळ लागेल.

म्हणून मला आज खरी उत्सुकता दुसऱ्याच कामाची आहे, आणि तेही टाटा मेमोरियलचंच. पीडी-१ हा थांबवणारा रिसेप्टर. कॅन्सरच्या गाठी त्याच्यावर बोट ठेवून टी पेशीला गप्प बसवतात. निव्होलुमॅब नावाची अँटिबॉडी पीडी-१ झाकते, मग गाठीचं बोट पोचत नाही. औषध चांगलं, किंमत महिन्याला लाखांत. आपल्याकडे तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर किती आहे, हे मी सांगायची गरज नाही. गुटख्याच्या पुड्या या सभागृहाच्या पायऱ्यांवरही आहेत. टाटातल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, एवढं औषध लागतं कशाला? पीडी-१ हे मोजके रिसेप्टर. ते सगळे झाकले गेले की वर ओतलेलं औषध नुसतं हिंडणार. आणि ते थोड्याच औषधानं झाकले जातात, असं आधीच्या अभ्यासांत दिसलं होतं.

त्यांनी नेहमीच्या डोसाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब, दर तीन आठवड्यांनी, तोंडानं घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिलं. रुग्ण असे, की ज्यांचा कॅन्सर बरा होण्याच्या पलीकडे गेलेला. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभर जगले १६ टक्के. २० मिलिग्रॅमची जोड मिळालेले ४३ टक्के. मोठ्या कंपन्यांना जो प्रश्न विचारायची गरज वाटत नाही, तो टाटाच्या परळमधल्या ओपीडीत बसलेल्यांनी विचारला. रिसेप्टर किती आहेत ते मोजा आणि तेवढंच औषध द्या. मघाशी झॅप-७० आणि सीडी३ ऐकताना ज्यांनी घड्याळ बघितलं, त्यांना मी हेच सांगतो. ती आकृती नीट काढता आली की बिलातलं एक शून्य उडतं.

या उपचाराला पेशींची प्रयोगशाळा लागत नाही, द्रव नायट्रोजन लागत नाही. अर्ध्या तासाची सलाईन. ग्रामीण भागातलं वैद्यकीय महाविद्यालय म्हणून आपण ज्याचा अभिमान सांगतो, ते १९७४ पासून याच गावात आहे. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव त्याला आहे. परळीचा, केजचा, धारूरचा रुग्ण तीन आठवड्यांनी एकदा मुंबईत परळला जातो, धर्मशाळेत किंवा फुटपाथवर झोपतो, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, आणि दोन फेऱ्यांनंतर तो यायचा बंद होतो. ही सलाईन इथे का लागू नये? कॅन्सरचं शिक्षण घेतलेला एक डॉक्टर, केमोथेरपीचा दिवसाचा वॉर्ड, दुष्परिणाम ओळखणारी सिस्टर. पेशी जास्त उठल्या तर जुलाब लागतात, दम लागतो, थायरॉइड बिघडतं, ते वेळेत कळलं पाहिजे. एवढं लागतं. आणि एक कारकुनी गोष्ट. हे औषध ४० मिलिग्रॅमच्या कुपीत येतं. एका रुग्णाला २० लागतं. फोडलेली कुपी पुढच्या तारखेसाठी ठेवून चालत नाही. तेव्हा दोन रुग्णांना एकाच दिवसाची तारीख द्यायची, आणि दोघांत एक कुपी. त्यासाठी ओपीडीत एक वही आणि फोन करणारा एक माणूस पुरेल.

अधिष्ठाता पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यांना मी हे चहाच्या वेळी पुन्हा सांगणार आहे. तोवर आपले प्रश्न घेऊ. विद्यार्थ्यांनी आधी हात वर करा, सरपंचांनी नंतर.